रेवदंड्याच्या गच्चीचा कठडा आणि अलिबागच्या इंजिनिअर मुलीचं काम

3 जून 2020 च्या दुपारी, निसर्ग वादळात, आमच्या गच्चीचा उत्तरेकडचा कठडा वीस फूट लांबीत एकसंध आडवा झाला. आतल्या बाजूला, गच्चीवर. सगळे खाली माजघरात होतो म्हणून वाचलो. पुढे गवंड्याने तसाच साडेचार इंची, चार फुटी कठडा पुन्हा उभा केला आणि म्हणाला, "या वेळी सिमेंट जास्त घातलंय." त्यानंतर पावसाळ्यात नातवंडांना मी गच्चीवर जाऊ दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अलिबागच्या एका लहान स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीकडून कठडा तपासून घेतला. आलेली मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. तिने आधी भिंतीची जाडी मोजली, पायाशी प्लास्टर फोडून सळई आहे का पाहिलं (नव्हती), आणि गच्चीवरून समुद्र कुठल्या बाजूंना दिसतो ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "काकू, कठड्याला वारा समोरून ढकलतो आणि मागून ओढतोही. दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात." घराच्या खालच्या भिंतीला मागे खोली असते, कठड्याच्या मागे काहीच नसतं. वारा त्याच्या माथ्यावरून उसळतो आणि मागे खेच तयार होते. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

तिचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला आहे. इमारतींवरच्या वाऱ्याच्या जोरासाठीचं आपलं भारतीय मानक आयएस 875, त्याच्या भाग 3 मध्ये मुंबईला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे, पुण्याला 39. आमच्यासाठी तिने 44 धरला आणि उघड्या किनाऱ्यासाठी त्यात 5 टक्के वाढवले. त्यातून दाब आला चौरस मीटरला सुमारे 130 किलो. आपल्या मानकातला मोकळ्या उभ्या भिंतींचा तक्ता तिने लावून पाहिला. अमेरिकी मानकात कठड्यासाठी वेगळे गुणक, म्हणजे दाबाला गुणायचे आकडे, आहेत, वाऱ्यासमोरच्या बाजूला 1.5 आणि पलीकडच्या बाजूला 1.0. मोठा आकडा 1.5 चा, तो घेतला. म्हणजे कठड्याच्या दर मीटर लांबीला जवळपास 235 किलोचा धक्का. भिंतीचं वजन प्लास्टरसकट साडेतीनशे किलो असलं तरी बूड जेमतेम 115 मिलिमीटर. सिमेंटच्या मालाची पकड सोडून दिली, तर भिंत उलथवणारा जोर तिला वजनाने मिळणाऱ्या आधाराच्या सातपट भरतो.

मी विचारलं, निसर्गचा वारा तर ताशी 110-120 किलोमीटर होता, मग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किलोमीटर, कशाला धरायचे? ती म्हणाली, दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग पाऊणपट असला की दाब निम्मा. त्या निम्म्यातसुद्धा भिंत साडेतीनपट कमी पडत होती. सिमेंट जास्त घालून ही तूट भरत नाही, हे मला तिथेच पटलं.

उपाय साधा निघाला: दर दोन मीटरवर आरसीसीचा खुंट, कठड्याच्या माथ्यावर सलग कोपिंग बीम, आणि खुंटांच्या सळया खालच्या बीममध्ये केमिकल अँकरने, म्हणजे भोक पाडून त्यात रासायनिक गोंदाने, बसवायच्या. भोकातली धूळ नीट फुंकून काढल्याशिवाय तिने एकही सळई बसवू दिली नाही. त्यासाठी सकाळी आठपासून दुपारपर्यंत उन्हात उभी होती. फी 15,000 घेतली, ती मला रास्त वाटते.

उणं एवढंच, की अहवाल सगळा इंग्रजीत आणि कबूल केल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आला. गवंड्यासाठी मराठीत एक पान मागितलं, ते मात्र दुसऱ्या दिवशी मिळालं, आकृतीसकट. ते पान अहवालासोबतच द्यायला हवं.

पूर्वेची बाजू दिवाळीनंतर करायची आहे, तेव्हाही हिलाच बोलावणार. नवं घर बांधत असाल तर स्लॅब ओतायच्या आधी बोलवा. खुंटांच्या सळया तेव्हाच स्लॅबमधून वर सोडून ठेवता येतात, मला अँकरचा खर्च वेगळा पडला.