६०/४० की ६३/३७? घरच्या सोल्डरिंगसाठी तार निवडताना

सोल्डरचं नवं रीळ घ्यायची वेळ आली की बहुतेक जण या दोन आकड्यांपाशी अडतात. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा, हे सांगायला नको. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा, म्हणून ‘कुठलंही घ्या, सारखंच’ असं सर्रास सांगितलं जातं. मी दोन्ही बरीच वापरली आहेत, मध्ये काही काळ शिसेमुक्त तारही वापरली. माझ्या मते हे ‘सारखंच’ पीसीबीवरच्या, म्हणजे छापील सर्किटच्या पट्टीवरच्या कामापुरतं खरं आहे. तारा हातात धरून जोडायच्या असतील तर नाही.

६३/३७ हे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याच तापमानाला गोठतं. ६०/४० वितळायला लागतं १८३ लाच, पण पुरतं पातळ व्हायला साधारण १९० अंश लागतात. थंड होताना हाच प्रवास उलटा होतो. मधल्या त्या थोड्याशा अंशांत ते ना धड घट्ट असतं ना धड पातळ, ओल्या रेतीसारखं असतं. नेमका तेव्हा टाका, म्हणजे सोल्डरचा सांधा, हलला तर आतले कण एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा नीट सांधत नाहीत.

पीसीबीवर याचा त्रास होत नाही. सुट्या भागाचा पाय भोकात बसलेला असतो, पॅड (भोकाभोवतालची तांब्याची चकती) छोटं असतं, टाका झटकन थंड होतो आणि हलायला काही नसतंच. पण व्हॉल्यूमच्या पॉटचा (फिरवायच्या बटणामागच्या भागाचा) जाड पाय घ्या, किंवा एखादा मोठा जॅक. एका हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तार. दोन्ही टोकांना आधीच सोल्डर चढवलेलं. आयर्न लावला, दोन्हीकडचं सोल्डर एकजीव झालं, आयर्न उचलला. आता तार स्थिर धरायची. ६०/४० चा थेंब क्षणभर चकाकत राहतो, मग कडेकडून धुरकटपणा आत सरकत जातो आणि तो मधोमध पोहोचेपर्यंत बोटं हलवायची सोय नसते. पाय जाड असल्यामुळे उष्णता धरून ठेवतो, म्हणजे हा वेळ आणखी लांबतो. आणि तेवढ्यातच तारेतून वर चढलेली उष्णता चिमटीपर्यंत येते. बोटं जेव्हा अजिबात हलता कामा नयेत, तेव्हाच ती हलू पाहतात. माझा कौल ६३/३७ कडे गेला तो या एका त्रासामुळे. तिथे थेंब एकदम बसतो. चकाकी आहे तशीच राहते, फक्त थरथर थांबते, की सोडली तार. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, फरक कदाचित सेकंदभराचाही नसेल. पण बोटांना तो कळतो.

हललेल्या टाक्याचा खरा ताप पुढे असतो. जोड तपासायला मीटर लावला की बीप येते, म्हणजे सगळं ठीक वाटतं. काही आठवड्यांनी बटण फिरवताना खरखर सुरू होते. मग उघडा, शोधा, पुन्हा गरम करा. असा वरून ठीक, आतून सुटलेला टाका (ड्राय सोल्डर) शोधण्यात जी संध्याकाळ जाते, तिच्यापुढे दोन रिळांमधला कुठलाही फरक मला छोटा वाटतो.

६०/४० ची बाजूही आहे. ती तार सहज मिळते, हव्या त्या जाडीत मिळते. पत्र्याच्या शील्डची फट भरायची असेल तर तिचा किंचित लगदेपणा उपयोगीच पडतो, सोल्डर फटीतून ओघळून जात नाही. हाच गुण ताणत नेला की जुन्या प्लंबरांचं सोल्डर मिळतं: कथील ३० टक्के, शिसं ७०. ते अडीचशे अंशांच्या आसपासपासून थेट १८३ पर्यंत लगदाच राहतं, म्हणून शिशाच्या पाइपांचे सांधे कापडाने पुसून आकार देता यायचा. त्या कामाला ६३/३७ कुचकामी ठरलं असतं.

शिसेमुक्त तारेबद्दल थोडक्यात. युरोपात १ जुलै २००६ पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आलं आणि कारखाने तिकडे वळले. कथील-चांदी-तांब्याची सॅक ३०५ ही तार २१७ ते २२० अंशांत वितळते, नुसत्या कथील-तांब्याची २२७ ला. आयर्न जास्त तापवावा लागतो, त्याचं टोक (बिट) लवकर झिजतं. पण मला खटकतं ते वेगळंच. या तारेचा चांगला टाकाही निस्तेज, दाणेदार दिसतो. म्हणजे हललेला टाका नजरेने ओळखायची सोयच जाते. तरीही त्याच टेबलावर लहान मुलं बसत असतील, किंवा वस्तू विकायची असेल, तर ही घ्या, यावर माझं दुमत नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका: वर येणारा धूर शिशाचा नसतो, तारेच्या गाभ्यात सोल्डर नीट चिकटावं म्हणून भरलेल्या फ्लक्समधल्या राळेचा असतो, आणि तो शिसेमुक्त तारेतूनही येतो. पंखा दोन्हींना हवा. शिसं पोटात जातं ते हातावाटे. काम झालं की साबणाने हात धुवायचे, टेबलावर खायचं-प्यायचं नाही.

घरी मिश्रण करावं का? गणित सोपं आहे: १०० ग्रॅम ६०/४० मध्ये साधारण ८ ग्रॅम शुद्ध कथील घातलं की ६३/३७ होतं. पण हाती येते ती फ्लक्सचा गाभा नसलेली कांडी. तारा बुडवून सोल्डर चढवायच्या भांड्यात ती चालेल, टाक्यांना नाही. आणि ते भांडं स्वयंपाकात पुन्हा कधीही जाता कामा नये.

नकळत होणारं मिश्रण जास्त घातक. जुन्या शिसेमुक्त टाक्यावर नवी तार चढवली की प्रमाण बिघडतं आणि तो लगदेपणा मागच्या दाराने परत येतो, म्हणून आधी जुनं सोल्डर शोषून काढायचं. बिस्मथच्या तारेशी तर शिशाची गाठच पडू देऊ नका. बिस्मथ ५८, कथील ४२ ची ती तार स्वतः १३८ अंशांना वितळते, पण शिसं मिसळलं की त्यातला काही भाग ९६ अंशांच्या आसपासच वितळू लागतो. गरम होणाऱ्या ट्रान्झिस्टरपाशी तो टाका टिकायचा नाही.

तेव्हा घरात ६०/४० चं अर्धं रीळ असेल तर पीसीबीवर निवांत संपवा. नवं घेणार असाल तर ६३/३७, रोझिन (राळ) गाभ्याचं, ०.८ मिमी, बारीक कामाला ०.५. लेबलवर विश्वास नसेल तर पत्र्याच्या तुकड्यावर एक मोठा थेंब वितळवा, आयर्न उचला आणि थेंब गोठताना काडीच्या टोकाने हलकेच ढकलत राहा. काडीला आधी लगदा लागून मग थेंब घट्ट झाला, तर आत ६३/३७ नाही.