पाऊण टाकीवर थांबलेला काटा

जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा, मग पैसे मोजा. मी उलटं केलं.

ट्रॅक्टर दिसायला चकाचक होता. मीटरवर इंजिन चालल्याचे २१४० तास. मालक म्हणाला, "दादा, फक्त घरचं काम केलंय, भाड्याने कधी दिलाच नाही." क्लचच्या पॅडलचं रबर मात्र घासून अगदी गुळगुळीत झालेलं. मनात पाल चुकचुकली. पण मीटर डिजिटल, त्यात कोण काय करणार, अशी माझी समजूत. जुन्या काट्याच्या मीटरची केबल काढून ठेवायचे, हे मला ठाऊक होतं. पडद्यावरचा आकडाही खोटा असू शकतो हे डोक्यातच आलं नाही.

पहिले तीन आठवडे मी खूश होतो, त्यातून युरियाच्या टाकीवर जास्तच. धुरातले घातक वायू कमी करायला सायलेन्सरकडच्या नळीत जे द्रावण फवारलं जातं, त्याची ही टाकी. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. जेवढं डिझेल जळेल त्याच्या साधारण ३ ते ५ टक्के ते लागतं. माझा काटा पाऊण टाकीवर होता, तो तिथून हललाच नाही. घरी कौतुकाने सांगितलंसुद्धा, गडी युरिया पीतच नाही म्हणून!

मग ऐन पेरणीत ट्रॅक्टरने दम सोडला. बंद पडला नाही, पण कितीही रेस द्या, वर चढेना. मेकॅनिक आला, त्याने पान्याआधी लॅपटॉप काढला. केबिनमधल्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटला वायर जोडली, थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग पडदा माझ्याकडे वळवला. इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, ६८७३ तास. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्येही जवळपास तेवढेच. खोटा होता तो फक्त डॅशबोर्ड. त्याचे स्क्रू कोरे चमकत होते आणि शेजारचे धुळीने बुजलेले. हे मी रोज समोर बसून पाहत होतो.

युरियाच्या टाकीचं निळं झाकण त्याने उघडलं. आत थेंब नव्हता, तळाला नुसते पांढरे खडे. फ्यूजच्या पेटीमागे चिकटपट्टी गुंडाळलेली काडेपेटीएवढी काळी डबी सापडली. ट्रॅक्टरचे सगळे कंट्रोलर दोनच तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही डबी त्या तारांवर बसून सेन्सरच्या आवाजात "टाकीत युरिया आहे, धूर स्वच्छ आहे" असं सांगत राहायची. खडबडीत रानात तिची एक तार सैल झाली आणि खरी बातमी इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचली. अशा वेळी तो इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतो. म्हणजे दम सुटला नव्हता, मुद्दाम आवळला होता.

पुढे युरियाचा पंप बदलावा लागला, सेन्सरही. नवा सेन्सर बसवला म्हणून भागत नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद होईपर्यंत ट्रॅक्टर त्याला ओळखेना. आपल्याच ट्रॅक्टरचा आपणच बसवलेला भाग! नऊ दिवस तो उभा राहिला. ऑटोस्टीअरचंही, म्हणजे स्टीअरिंग आपोआप वळवणाऱ्या यंत्रणेचंही, तेच. दाखवताना सरळ रेषेत हात सोडून चालवून दाखवलं होतं. त्याचं लायसन्स जुन्या मालकाच्या खात्यावर होतं, ते महिन्याभरात संपलं.

मालकाला फोन केला. "मला कॉम्प्युटरातलं काय कळतं दादा?" खरेदीच्या कागदावर त्याने लिहिलं होतं, "तास मीटरप्रमाणे". सही करताना मला ती हमी वाटली होती. वकिलाने ते दोन शब्द वाचले आणि म्हणाला, ही त्याची पळवाट आहे.

म्हणून सांगतो, लॅपटॉपवाला आपला न्या, विकणाऱ्याचा नको. प्रत्येक कंट्रोलरचे तास वेगवेगळे वाचून घ्या आणि जुन्या बिघाडांची यादी बघा, त्यात बिघाड किती तासांवर झाला तेही बहुधा नोंदलेलं असतं. ऑटोस्टीअर आपल्या नावावर होईपर्यंत त्याचे पैसे धरूच नका.

आता मीच तो विकायला काढलाय, खरे तास लिहून. परवा एकाचा फोन आला. "एवढे तास? दुसरीकडे हाच मॉडेल दोन हजार तास चाललेला मिळतोय." मी त्याला म्हटलं, जा, पण तिथे आधी निळं झाकण उघडून बघ.