आरटीचे आठ महिने: हक्क माणसाला नाही, गटाला द्या

परभणीच्या मुख्य कार्यालयातून आम्ही चौघं आमच्या पतसंस्थेच्या सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, वसमत अशा शाखांची संगणकाची कामं बघतो. आधी सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या सर्व्हरवर रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आरटी बसवलं. तक्रारी नोंदवून त्यांचा माग ठेवणारं हे सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत आहे, पर्लमध्ये लिहिलेलं. तिकिटं (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी) टाकणं-बंद करणं दोन दिवसांत अंगवळणी पडलं. घाम निघाला तो क्यू (तिकिटांच्या वेगवेगळ्या रांगा) आणि हक्क (कोणाला काय दिसेल, काय करता येईल) लावताना.

सुरुवातीला अकरा क्यू केले होते: प्रिंटर, नेट, यूपीएस, पासवर्ड... पासबुक छापलं जात नसेल तर दोष प्रिंटरचा की सॉफ्टवेअरचा, हे काउंटरवरच्या क्लार्कने कसं ठरवावं? तिकीट या क्यूतून त्या क्यूत फिरत राहायचं. आता तीनच क्यू आहेत, आणि ते काम कोण करणार यावरून पाडलेत. अडचणीचा प्रकार लिहायला वेगळा रकाना दिलाय.

हक्कांत माझी मोठी चूक झाली. आरटीत हक्क फक्त वाढत जातात. वर, म्हणजे सगळ्या क्यूंसाठी (ग्लोबल) दिलेला हक्क खाली एखाद्या क्यूपुरता काढून घेता येत नाही. मी घाईत शाखेतल्या सगळ्यांना ‘प्रिव्हिलेज्ड’ केलं, म्हणजे आमच्यासारखी पूर्ण खाती दिली, आणि कमेंट (तिकिटावरची अंतर्गत टिपणं) बघायचा हक्क ग्लोबल पानावरून त्या सगळ्यांना देऊन टाकला. कमेंट तक्रारदाराला मेलने जात नाही, म्हणून आम्ही तिथे मोकळेपणाने लिहायचो. एकदा सहकाऱ्याने तात्पुरता पासवर्ड कमेंटमध्ये लिहिला. तासाभरात एका शाखेतून फोन: “साहेब, आमाला दुसऱ्या शाखेचा पासवर्ड दिसायलाय.” पैशांची संस्था आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लोबल हक्क जवळजवळ सगळे काढले. शाखेतली मंडळी आता साधी खाती वापरतात. त्यांना सेल्फ-सर्व्हिसचं सुटसुटीत पान दिसतं. ‘रिक्वेस्टर’ (तिकीट टाकणारा) या भूमिकेला तिकीट बघण्याचा आणि उत्तर देण्याचा हक्क दिला, की ज्याचं तिकीट त्यालाच दिसतं. आमच्या चौघांचे गट केलेत आणि हक्क त्या-त्या क्यूवर गटालाच दिलेत. कोणाची बदली झाली तर गटातून नाव काढायचं, बस्स. सोडून गेलेल्याचं खातं फक्त बंद करायचं, म्हणजे जुन्या तिकिटांवरचं नाव शाबूत राहतं.

दोन हक्क हमखास विसरले जातात. तिकीट टाकायचा हक्क दिला आणि क्यू बघायचा (सी-क्यू) राहिला, तर यादीत तो क्यूच येत नाही. गंगाखेडहून “साहेब, यादीत नावच दिसना गेलंय” असा फोन आला तो यामुळेच. दुसरा ‘ओन-टिकेट’, म्हणजे तिकिटाचा ओनर होऊन ते स्वतःकडे घेण्याचा. नवीन मुलगा रुजू झाला आणि तिकिटाच्या ओनरच्या यादीत त्याचं नाव सापडेना. कारण हा एकच हक्क नव्हता.

आता प्रत्येक गटाचं एक चाचणी खातं ठेवलंय. काहीही बदललं की आधी त्या खात्याने लॉगिन करून बघतो. अ‍ॅडमिनच्या खात्याला सगळंच दिसतं, त्यामुळे तिथून काही कळत नाही.

पुढच्या महिन्यात ऑडिटसाठी चौथा क्यू उघडायचाय. त्याचा गट दोघांचाच असेल, आणि चाचणी खातं आधी तयार आहे.