‘सिलोनी गोमेद’ म्हणून विकलेली काच

माझ्या आत्याला राहूची महादशा सुरू झाली आणि एका तीर्थक्षेत्रातल्या रत्नांच्या दुकानात तिच्या गळ्यात सात रत्तींचा ‘सिलोनी गोमेद’ मारला गेला, 18,000 रुपयांना. चांदीची अंगठी, सोबत सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र. खडा गोमेद नव्हताच. काच होती.

दुकानदारानं आधी तिच्याकडून घरच्या सगळ्या काळज्या काढून घेतल्या, मुलाच्या नोकरीपासून स्वतःच्या आजारपणापर्यंत, आणि मग खडा पुढे केला. म्हाताऱ्या माणसाला घाबरवून असं लुबाडलं, याचा मला आजही संताप येतो.

काही महिन्यांतच पैलूंच्या कडा झिजल्या, तेव्हा शंका आली. गोमेद हा गार्नेट कुळातला, कॅल्शियम-ॲल्युमिनियमचा सिलिकेट. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10मध्ये सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर त्याचा आकडा 7 ते 7.5. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूतल्या खनिजाचे, कण असतात, त्यांचा 7. काच साधारण 5-6ची, त्यामुळे रोजच्या पुसण्यानंही तिच्यावर ओरखडे उठतात. ओळखीच्या सोनारानं दहापट भिंगातून पाहिलं तर आत गोल बुडबुडे! खऱ्या गोमेदाच्या पोटात ढवळलेल्या साखरेच्या पाकासारख्या लाटा दिसतात. म्हणून आतून अगदी निर्मळ नारिंगी खडा कुणी दाखवला, तर आधी सावध व्हा. पुढे प्रयोगशाळेत तपासला. गोमेदाचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, 1.74च्या आसपास असतो, याचा काचेसारखा 1.52 निघाला.

‘सिलोनी’, म्हणजे श्रीलंकेचा, म्हणून वर जास्तीचे पैसे घेतले ते वेगळेच. श्रीलंकेत रत्नपुराच्या आसपास नदीच्या गाळात चांगला गोमेद सापडतो, हे खरं. पण तो आपल्या ओडिशातही मिळतो, टांझानिया आणि मादागास्करमधूनही येतो. काउंटरवर नुसतं बघून खड्याचा देश कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका.

प्रमाणपत्रावर ना कॅरटमधलं वजन, ना अपवर्तनांक, ना अहवाल क्रमांक. ते दुकानानं स्वतःच छापलेलं. कोंदण मागून बंद. राहूचा खडा बोटाला टेकला पाहिजे असं ज्योतिषीच सांगतात, मग ते बंद कशाला? आणि बिलावर फक्त ‘रंगीत खडा, 1 नग’. आता दुकानदार त्याच शब्दांवर बोट ठेवून हात झटकतोय.

खडा सुटाच घ्या, बसवण्याआधी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासा आणि बिलावर ‘नैसर्गिक गोमेद’ व कॅरटमधलं वजन लिहून मागा. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं, कॅरट मात्र सगळीकडे 0.2 ग्रॅमच. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैसे परत मिळाले नाहीत तर प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत.