ट्रोलिंगला लूर की खरं आमिष?

वसंतात मित्रांबरोबर खोल समुद्रात मोठ्या माशांमागे जायचं ठरलं की पहिला वाद हाच: ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, झालरवाला लूर (कृत्रिम आमिष) ओढायचा की खरा मासा गळाला लावायचा?

वेगात लूर सरळ पुढे. ७ ते ९ नॉटला (ताशी साधारण १३ ते १७ किमी) तो छान चालतो, दिवसभरात बरंच पाणी पालथं घालता येतं. खरं आमिष त्या वेगात लवकर फाटतं, ५-६ नॉटवरच राहावं लागतं.

कष्टांचं म्हणाल तर लूर सोडला की झालं. आमिषाचा मासा मात्र बर्फात कडक ठेवायचा, गळ बरोबर मधोमध काढायचा, तोंड तारेनं आवळायचं. गळ जरा तिरका बसला तरी मासा पाण्यात गरगरतो, दोरीला पीळ पडतो.

लूर महाग, पण टिकाऊ. वाहू माशाच्या धारदार दातांनी झालर फाटली तर तेवढीच बदलायची.

खऱ्या आमिषाला चव असते, मासा ते पटकन थुंकत नाही. त्याला सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ) लावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे पकडून सोडलेला मार्लिन मासा जगण्याची शक्यता वाढते. माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा.

मासे कुठे आहेत ठाऊक नसेल, सोबती नवखे असतील तर लूर. जागा सापडली आहे, पण मासे लूरमागे येऊन परत फिरताहेत, तर खरं आमिष.