लाल दार कुणी उघडलं? 'इट कम्स अ‍ॅट नाइट'बद्दल

'इट कम्स अ‍ॅट नाइट' हा भयपट जून 2017 मध्ये अमेरिकेत लागला. समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक मात्र चिडून बाहेर पडले. तिथे सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून ग्रेड घेते, ए प्लसपासून एफपर्यंत. याला मिळाला डी. आमच्या घरीही तेच झालं. नावं पडद्यावर येऊ लागली आणि माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, डोंगर पोखरून उंदीर काढलात की! रात्री येतं म्हणे. आलं कोण?"

त्यांचा राग मला समजतो. ट्रेलरमध्ये गॅस मास्क आहेत, अंधारातलं लाल दार आहे, जंगलाकडे बघून भुंकणारा कुत्रा आहे. एवढं दाखवल्यावर माणूस जंगलातून काहीतरी यायची वाट बघणारच. नावही तसंच. ज्यांनी हा सिनेमा राक्षसाचा म्हणून विकला, त्यांनी प्रेक्षकाला फसवलं, हे मी मान्य करते. पण सिनेमाने फसवलेलं नाही. पहिल्या पाच मिनिटांत तो सांगतो की हे कशाबद्दल आहे.

त्या पाच मिनिटांत एक म्हातारा मरायला टेकलेला आहे. अंगावर फोड, श्वास लागलेला. मुलगी सारा मास्क आणि हातमोजे घालून त्याचा निरोप घेते. मग जावई पॉल आणि सतरा वर्षांचा नातू ट्रॅव्हिस त्याला हातगाडीवरून बाहेर नेतात, गोळी घालतात आणि खड्ड्यात जाळतात. दिग्दर्शक ट्रे एडवर्ड शुल्ट्सने हे आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर लिहिलं.

मी नर्स आहे. 2020 आणि 2021 मध्ये पीपीई किट घालून मीही माणसांचे असे निरोप पाहिले आहेत, म्हणून असेल, पण मला पुढे भुताची गरजच वाटली नाही. रोग कुठला, कुठून आला, कसा पसरतो, सिनेमा काहीच सांगत नाही. माझ्या जाऊबाईंना हा आळस वाटला. मला हे अगदी खरं वाटलं. सुरुवातीच्या त्या महिन्यांत आम्हाला तरी काय माहीत होतं? गावोगावी वेशीवर दगड आणि काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले होते, ते रोगाची माहिती होती म्हणून नव्हे.

पॉलच्या घराला ये-जा करायला एकच दार. लाल. रात्री ते उघडायचं नाही, बाहेर जोडीनेच जायचं. एका रात्री विल नावाचा माणूस घर फोडून आत शिरतो. पॉल त्याला झाडाला बांधून ठेवतो, चौकशी करतो आणि शेवटी त्याची बायको किम आणि लहानगा अँड्र्यू यांच्यासह घरात घेतो. त्यांच्यासोबत कोंबड्या आणि शेळ्याही येतात. काही दिवस सगळं छान चालतं. मग पॉल आणि विल दारू घेत बसलेले असताना विल बोलून जातो की तो एकुलता एक. पॉल थबकतो. आधी भावाचा उल्लेख केला होतास ना? विल सावरतो, तो किमचा भाऊ. एवढंच. खरं असेल, खोटं असेल. पण त्या क्षणापासून पॉलचा चेहरा बघा. जोएल एजर्टनने तो संशय एक शब्दही न बोलता दाखवला आहे.

आणि मग ते दार. एका रात्री जखमी कुत्रा दाराच्या आतल्या खोलीत सापडतो आणि लाल दार उघडं असतं. त्याआधी ट्रॅव्हिसला छोटा अँड्र्यू आजोबांच्या खोलीत जमिनीवर झोपलेला दिसतो आणि तो त्याला उचलून त्याच्या आईवडिलांकडे नेऊन सोडतो. मग दार उघडलं कुणी? इथून पुढे मन चिंती ते वैरी न चिंती, आणि शेवट मी सांगणार नाही.

जाऊबाई ठामपणे म्हणाल्या, छोट्या अँड्र्यूनंच उघडलं, झोपेत चालतं ते पोर. माझं मत वेगळं आहे. पुन्हा पाहताना मी चित्राच्या चौकटीकडे लक्ष दिलं. ट्रॅव्हिसला वाईट स्वप्नं पडतात, तेव्हा वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या रुंद होतात आणि चित्र चिंचोळं होतं. शेवटाकडे तो जागा असतानाही चौकट तशीच आवळत जाते. म्हणजे स्वप्न आणि जाग यांतली सीमा त्याच्यापुरती उरलेलीच नाही. आजोबांच्या मरणानंतर झोप उडालेला, रात्रभर कंदील घेऊन घरात फिरणारा पोरगा तोच तर आहे. दार ट्रॅव्हिसनेच उघडलं असं मला वाटतं, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. केल्विन हॅरिसन ज्युनियरचे ते डोळे पाहून दुसरं काही पटतच नाही. भाऊजींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, मग कुत्रा कशावर भुंकत होता? याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि सिनेमाकडेही नाही. तेवढी जागा मोकळी सोडली म्हणूनच आम्ही मध्यरात्रीपर्यंत बोलत बसलो होतो.

उणिवा आहेत. किमचं पात्र फार पातळ आहे. रायली कीओच्या वाट्याला एक चांगला प्रसंग येतो, बाकी ती ट्रॅव्हिसच्या नजरेतूनच दिसते. स्वप्नांतून दचकवण्याची युक्ती एखाद-दोनदा जास्तच वापरली आहे. ज्या सिनेमाला नुसत्या शांततेने घाबरवता येतं, त्याला याची गरज नव्हती.

बघायचा असेल तर ट्रेलर टाळा. खोलीत पूर्ण अंधार करा. बरेच प्रसंग केवळ कंदील आणि टॉर्चच्या उजेडात आहेत, दिवसा मोबाइलवर काही दिसणार नाही. लांबी दीड तासच आहे, मध्ये थांबू नका. भिंतीवरचं चित्रकार ब्रूगेलचं मृत्यूचं चित्र येईल, तिथे नजर जरा रेंगाळू द्या. नुकतंच घरातलं कुणी गेलं असेल, तर मात्र सध्या बघू नका, हे मी कळकळीने सांगते. बाकीच्यांसाठी माझ्याकडून पाचापैकी चार. भाऊजींनी दीड दिला आहे, तोही एजर्टनसाठी.