स्कायसर्व्हर: फुकट आहे, पण छोट्या दीर्घिकांना जरा जपून

स्लोन सर्व्हेची (आकाशाच्या एका मोठ्या पाहणीची) ही साईट दोन महिने वापरतेय, म्हटलं लिहूनच टाकावं. पैसे नाहीत, नुसतं बघायला लॉगिनही नाही, आणि न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने घेतलेले लाखो स्पेक्ट्रा (रंगांत फोडलेल्या प्रकाशाचे आलेख) घरबसल्या उघडतात.

मला एकच गोष्ट स्वतः बघायची होती. दीर्घिका जितकी मंद तितका तिच्यात ऑक्सिजन कमी, हे स्किलमन, केनिकट आणि हॉज यांनी १९८९ मध्ये छोट्या अनियमित दीर्घिकांवर दाखवलंय. ताऱ्यांनी बनवलेला ऑक्सिजन सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, दणक्याने बाहेर उडतो आणि लहान दीर्घिकेच्या गुरुत्वाला तो धरून ठेवणं जमत नाही, शिवाय तिथे तारेही निवांतच बनतात.

चार ओळींची एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी मारली, साईटच्या गॅलस्पेकएक्स्ट्रा टेबलमधून ऑक्सिजनचा कॉलम एक्सेलमध्ये घेतला, तर ग्राफ म्हणजे नुसती आडवी रेघ! अर्ध्या तासाने ट्यूब पेटली, जिथे मोजमाप नाही तिथे उणे ९९९९ असतं आणि मी ते गाळलंच नव्हतं. गाळल्यावर मस्त चढण दिसली.

पण छोट्यांच्या बाबतीत डोळे झाकून विश्वास नको. दुर्बिणीतला प्रकाश टिपणारा जुना फायबर आकाशात जेमतेम ३ आर्कसेकंदांचा, म्हणजे दीर्घिकेचा मधलाच तुकडा वाचतो, आणि जवळच्या दीर्घिकेचं अंतर रेडशिफ्टवरून (प्रकाश लालकडे किती सरकलाय त्यावरून) काढलं की तिची चमकच चुकते. त्यापेक्षा स्पेक्ट्रम उघडा आणि ४३६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची ऑक्सिजनची बारीक रेघ शोधा, मला सगळ्यात जास्त मजा त्यात आली. वायू थंड करायचं काम मुख्यतः ऑक्सिजनच करतो, तो कमी असला की वायू तापलेला राहतो आणि ही रेघ उठून दिसते, म्हणजे ऑक्सिजन कमी तर ऑक्सिजनची ही रेघ जास्त ठळक!

साईटच्या नेव्हिगेट नकाशात १४३.५१ आणि ५५.२४ हे आकाशातले पत्ते टाकून आय झ्विकी १८ ही छोटी दीर्घिका नक्की बघा. निळसर, दोन गाठींचा ठिपका. ऑक्सिजन सूर्याच्या साधारण तिसावा हिस्सा, पण त्या मानाने भलतीच उजळ, मंद तितका ऑक्सिजन कमी या नियमाच्या ग्राफवरच्या रेघेवर बसतच नाही. २०१३ मध्ये सापडलेल्या लिओ पी या दीर्घिकेमध्ये ऑक्सिजन जवळपास तेवढाच, पण ती शंभरपटीहून मंद आणि बरोब्बर रेघेवर. आय झ्विकीत तारे एकदम भडकून बनतायत आणि बाहेरून ताजा वायूही आत पडत असावा, असं म्हणतात.

५ पैकी साडेचार. एसक्यूएलची भीती असेल तर आधी साईटवरच्या तयार नमुना क्वेऱ्या चालवून बघा.